बिडीला माफी, सिगारेटला शिक्षा

(मननासाठी शास्त्रभाग : रोमकरांस पत्र १४:१३-२१, १ करिंथ ६:१२-२०)



मे महिन्याचे दिवस होते. खकनारच्या आसपास तेंदूपत्त्याचा हंगाम भरात होता. पहाटे रानात गेलेली माणसे दुपारी पानांचे भारे घेऊन परततात आणि मग सारे घर ओसरीवर बसून गड्ड्या बांधते. म्हणून त्या भागातली आमची उपासना त्या महिन्यात संध्याकाळी ठेवतात. अशाच एका उपासनेनंतर बुऱ्हाणपुरास दुकानात नोकरीला असलेला आमचा एक तरुण गोठ्यामागे सिगारेट ओढताना दिसला. तो ढोलकी वाजवतो, गीते सांगतो, मुलांची शब्बाथ शाळाही घेतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ही बातमी तीन वाड्यांत पोहोचली. तिसऱ्या दिवशी वडीलमंडळींची सभा भरली. सभेचे अध्यक्षपद आमच्याकडे होते.

ठराव तयारच होता. ह्या तरुणाने सहा महिने ढोलकीला हात लावू नये आणि मुलांना शिकवू नये. ठराव मांडणारे आबा मंडळीतले सर्वांत जुने वडील. ते सभेला आले तेव्हा दाराशी थांबले, हातातली बिडी उंबऱ्यावर विझवली, उरलेली अर्धी कानामागे ठेवली आणि आत येऊन प्रार्थना केली. प्रार्थना चांगली केली, हेही सांगितले पाहिजे. मग आम्ही त्या तरुणाला चार गंभीर शब्द सुनावले. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, याची त्याला आठवण करून दिली. त्याने मान खाली घालून सारे ऐकून घेतले आणि शेवटी अगदी हळू आवाजात विचारले, "आबा, तुमच्या कानामागं आहे ते मंदिराबाहेर आहे का?"

सभेत कोणी हसले नाही. आबा रागावलेही नाहीत. "पोरा, ही बिडी आहे," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या मते त्यात सारे उत्तर आले होते.

त्या वेळी आमच्या सदऱ्याच्या खिशात काय होते ते आम्ही पुढे सांगू.

"ही बिडी आहे." वाचकहो, हे तीन शब्द आमच्या मंडळ्यांत किती खोल रुजले आहेत! सिगारेट म्हणजे शहराची हवा, सिनेमा, वाईट संगत, बापाच्या पैशाची नासाडी. बिडी म्हणजे कष्टकऱ्याचा विसावा. पाटीभर माती उपसल्यावर दोन झुरके, त्यात काय पाप? आणि तंबाखू-चुना तर कोणी मोजतच नाही. ती दाताची दवा, पोटातल्या वायूवरचा उपाय, रानात भूक मारण्याचे साधन. आमच्या भगिनी मिसरी लावतात त्याला तर व्यसन हे नावही कोणी देत नाही, ते दात घासणे आहे! एखाद्या बाईने बिडी ओढली तर मात्र गाव तोंडाला पदर लावते. परंतु कोरकू वस्तीतल्या म्हाताऱ्या आजीने ओढली तर त्याच गावाला त्यात काही वावगे वाटत नाही.

या सगळ्यात छातीचा, घशाचा, रक्ताचा विचार कोठे आहे? कोठेच नाही. आम्ही धूर मोजत नाही, धूर काढणाऱ्याची पायरी मोजतो. तरुणाने काढला तर उद्धटपणा, वडिलांनी काढला तर सवय, साहेबाने काढला तर रुबाब.

लोकांना धोका ठाऊक नाही असेही नाही. सरकारने २०१६-१७ मध्ये देशभर प्रौढांची पाहणी केली, तेव्हा शंभरातील ९२ जणांनी धूम्रपानाने गंभीर आजार होतो असे सांगितले. त्याच पाहणीत शंभरात जवळजवळ २९ प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. सिगारेट ओढणारे शंभरात चार, बिडी ओढणारे जवळजवळ आठ आणि तोंडात तंबाखू धरणारे एकवीस. म्हणजे ज्या गोष्टीवर आम्ही सर्वांत मोठ्याने बोलतो ती सर्वांत थोडे लोक करतात आणि जिच्यावर सर्वांत गप्प बसतो ती सर्वांत जास्त.

ह्या वादाचे वय आमच्या मंडळीपेक्षा पुष्कळ मोठे आहे. १६०४ च्या सुमारास अकबर बादशहाचा एक सरदार, असद बेग, विजापुराहून आग्र्यास परतला. बुऱ्हाणपुरास राहणारा शहाजादा दानियाल याच्यासाठी विजापूरची राजकन्या आणण्याच्या कामावर तो गेला होता. येताना इतर भेटींबरोबर त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळी आणली व दरबारात बादशहापुढे ठेवली. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. वैद्याने हात आडवा केला. या वस्तूविषयी आमच्या ग्रंथांत काही लिहिलेले नाही, तिची परीक्षा झालेली नाही, तेव्हा ती घेऊ नये असे त्याचे म्हणणे. असद बेगाने उत्तर दिले की फिरंगी लोक ती वापरतात, ते काय मूर्ख आहेत? बादशहाने पुढे ती घेतली नाही. दरबाऱ्यांनी मात्र घेतली आणि लवकरच गावोगाव तिचा प्रसार झाला. अकबराचा मुलगा जहांगीर याने १६१७ मध्ये बंदीचा हुकूम काढला, पण त्या हुकुमाने काही झाले नाही. इकडे हे चालले असता १६०४ मध्येच इंग्लंडचा राजा पहिला जेम्स तंबाखूविरुद्ध एक पुस्तिका लिहीत होता. ज्याच्या नावाने इंग्रजी बायबल प्रसिद्ध आहे तोच हा राजा. त्याने तंबाखूवर जबर करही बसवला, पुढे तेच उत्पन्न सरकारी तिजोरीला गोड लागू लागले.

त्या वैद्याचे बोलणे आम्हांला फार आवडते. आमच्या ग्रंथांत नाही, म्हणून सावध राहा, असे तो म्हणाला. आमचे बंधू नेमके उलटे म्हणतात : पवित्र शास्त्रात तंबाखूचे नाव नाही, म्हणून मोकळीक आहे. अहो, नाव येणार कसे? ती वनस्पती अमेरिकेची. प्रेषित पौलाच्या काळी भूमध्य समुद्राच्या काठी ती कोणी पाहिलेली नव्हती. मार्काच्या सातव्या अध्यायाचा आधारही पुष्कळदा पुढे करतात. बाहेरून आत जाते त्याने मनुष्य भ्रष्ट होत नाही असे प्रभूने म्हटले आहे ना? होय, पण तेथे प्रश्न होता न धुतलेल्या हातांचा आणि वडिलांच्या संप्रदायाचा. तेथे विटाळ हा विषय होता, विष हा नव्हता. त्या वचनाच्या आधाराने कोणी धोतऱ्याचे बी खात नाही.

रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय मात्र येथे नीट वाचला पाहिजे. एक भाऊ सर्व काही खातो, दुसरा केवळ भाजीपाला खातो. पौल दोघांनाही एकमेकांचा न्याय करू देत नाही. आम्ही सभेत जे केले ते याच्या अगदी विरुद्ध होते. परंतु ह्या अध्यायाचा उपयोग करून "ज्याचे त्याला कळते" असेही म्हणता येत नाही. पौलापुढच्या मांसाने कोणाचे फुफ्फुस जळत नव्हते, आणि तरीही भावाला ठोकर होत असेल तर मांस सोडायला तो तयार होता. मग ज्याने भावाचे शरीरच खचते त्याबद्दल त्याने काय लिहिले असते?

देवाची माणसेही याबाबत एकमताची नव्हती. १८७४ मध्ये लंडनच्या मोठ्या उपासनामंदिरात एका अमेरिकन पाहुण्या उपदेशकाने आपण सिगार कसा सोडला याची साक्ष दिली. त्याच व्यासपीठावरून तेथील पाळक स्पर्जन उठले आणि त्यांनी सांगितले की आपण आज रात्रीही सिगार ओढणार आणि देवाच्या गौरवासाठी ओढणार. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. स्पर्जन यांचे म्हणणे असे होते की जे देवाच्या नियमशास्त्रात पाप म्हटलेले नाही ते माणसांनी पाप ठरवू नये. मुक्तिफौजेने पुढे दुसरा मार्ग धरला. आज त्या फौजेच्या सैनिकाला तंबाखू सोडल्याशिवाय शपथ घेता येत नाही. आम्हांला स्पर्जन यांना नावे ठेवण्याचे धाडस होत नाही. १८७४ मध्ये धुराविषयी नाराजी होती, पण पुरावा नव्हता. आम्ही पुराव्यानंतरचे लोक आहोत. चांगले काय ते कळूनही जो करीत नाही त्याच्याविषयी याकोबाने आपल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी जे लिहिले ते स्पर्जन यांच्यापेक्षा आमच्या अंगाला अधिक लागते.

पुरावा केव्हा आला? १९५० मध्ये इंग्लंडात डॉल व हिल या दोघांनी सिगारेट व फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला हे पुष्कळांनी ऐकले असेल. परंतु बिडीचे काम आमच्याच मुंबईत झाले हे थोड्यांना ठाऊक आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील रोग्यांचा अभ्यास करून डॉ. वसंत रामजी खानोलकर, डॉ. संघवी व डॉ. राव यांनी १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले की बिडी ओढणे व तंबाखू चघळणे यांचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी संबंध आहे. १९५५ साली! आणि वीस वर्षांनी, १९७५ मध्ये, देशात पहिला कायदा झाला तो सिगारेटपुरता. सिगारेटच्या पाकिटावर इशारा आला, बिडीच्या कट्ट्यावर कायद्याने काही लिहिण्याची गरज उरली नाही. जे पाकीट इंग्रजी वाचणाऱ्याच्या खिशात असते त्यावर सावधगिरीचा शब्द, आणि जो कट्टा मजुराच्या कमरेला असतो तो कोरा! तंबाखूच्या सर्व वस्तूंना लागू होणारा कायदा २००३ मध्ये झाला. निरक्षरालाही कळतील अशी चित्रे २००९ मध्ये आली. दरम्यान कितीतरी आबा "ही बिडी आहे" असे म्हणत म्हातारे झाले. तेव्हा त्यांना फार दोष देऊ नये. कायदाही तेच म्हणत होता, आणि मंडळीही.

बिडीत तंबाखू थोडा असतो हे खरे. पण तेंदूचे पान कागदासारखे सच्छिद्र नसते, म्हणून ती विझू नये यासाठी पुन्हा पुन्हा आणि जोराने ओढावे लागते. फेब्रुवारी २००८ मध्ये भारतातील सुमारे ११ लाख घरांच्या पाहणीतून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की सिगारेट ओढणारा पुरुष सरासरी दहा वर्षे आयुष्य गमावतो, बिडी ओढणारा सहा वर्षे, आणि बिडी ओढणारी स्त्री आठ वर्षे. आबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे चार वर्षांचा फायदा झाला की!" आम्हीही हसलो. पण त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट ऐकून ते गप्प झाले. आमच्याकडे धुराने मरणारे सगळे कर्करोगाने मरत नाहीत. पुष्कळ जण क्षयाने, दम्याने व हृदयविकाराने जातात. ओढणाऱ्यांत क्षयाने मरण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. आबांचा धाकटा भाऊ क्षयाने गेला होता. त्याच्या खाटेखाली कट्टा शेवटपर्यंत होता, आणि तो आणून देणारे आबाच होते.

"मरणारा माणूस मागत होता, पाळकसाहेब," ते म्हणाले. "नाही कसं म्हणू?"

येथे बुऱ्हाणपूरची एक जुनी गोष्ट आठवते. वर सांगितलेला शहाजादा दानियाल १६०५ मध्ये तेथेच दारूने मेला. बापाने पहारे बसवले होते, दारू आत जाऊ नये अशी ताकीद होती. पण त्याच्या जवळच्या माणसांना त्याची दया आली, काहींना बक्षिसाचा लोभ सुटला, आणि त्यांनी बंदुकीच्या नळीत दारू भरून ती आत नेली. जहांगिराने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की नळीतला गंज व दारूचा अर्क एक झाले, आणि ते पिताच शहाजादा पडला. वाचकहो, रुग्णालयातल्या खाटेपाशी डब्याच्या तळाशी पुडी लपवून नेणारे आमचे प्रेम याच जातीचे आहे. आम्हांला त्यात दुष्टपणा दिसत नाही. फक्त ती नळी दिसते.

आबांना स्वतःलाही आता दोन शेते चालले की धाप लागते. बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी छाती तपासून बिडी बंद करण्यास सांगितले. साठी उलटल्यावर सोडून काय मिळणार, असे त्यांनी आम्हांला विचारले. इंग्लंडात डॉक्टरांनाच पन्नास वर्षे डोळ्यांखाली ठेवून जो अभ्यास झाला, त्याचे उत्तर २००४ मध्ये छापले आहे. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही सरासरी तीन वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला सहा, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला जवळजवळ सर्व दहा. हे ऐकून आबांनी त्या ढोलकीवाल्या तरुणाकडे पाहिले. तो चोवीस वर्षांचा आहे.

मग आबांनी आणखी एक प्रश्न केला, आणि तो आमच्या मते सर्वांत कठीण होता. "बिडी सोडतो. पण पान तोडायचं पण सोडू का? नातीची फी त्याच्यातून भरली. गेल्या साली देवाला दान दिलं तेही त्याच पैशाचं."

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पन्नास पानांची एक गड्डी, आणि अशा हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा. उन्हात वाकून तोडलेली ही पन्नास हजार पाने. फडावर ती मोजून दिली की हाती येणारे पैसे ही पावसाळ्यापूर्वी पुष्कळ घरांची एकमेव रोकड असते. अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय समितीने धूम्रपान कर्करोगाचे कारण आहे असे जानेवारी १९६४ मध्ये जाहीर केले. त्याच १९६४ मध्ये मध्य प्रदेशाने कायदा करून तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या हाती घेतला. त्यामुळे ठेकेदारांची लूट थोडी आटोक्यात आली हे चांगलेच झाले. पण एक हात इशारा छापतो आणि दुसरा हात पान गोळा करतो, ही आमच्या राज्यकर्त्यांची जुनी अडचण आहे. दर ३१ मे रोजी तंबाखूविरोधी दिवस पाळतात. आमच्याकडे तो पानांच्या हंगामाच्या पाठीवरच येतो.

प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथील देमेत्रिय सोनार आहे. देवळाच्या रुप्याच्या प्रतिमा करून त्याची भरभराट झाली होती, आणि धंदा बुडेल या भीतीने त्याने सारे शहर उठवले. पानतोड्याला देमेत्रिय म्हणणे हा अन्याय होईल, असे आमचे स्पष्ट मत आहे. देमेत्रियाची भरभराट झाली होती. खकनारच्या रानात पान तोडून कोणाची भरभराट झालेली आम्ही पाहिली नाही. म्हणून आम्ही आबांना सांगितले की दुसरी रोकड हाती येईपर्यंत पान तोडण्याचा दोष आम्ही तुमच्या माथी मारणार नाही, आणि ते दान देवाने स्वीकारले नाही असेही म्हणणार नाही. परंतु नातीला शिकवा, म्हणजे तिला त्या फडावर उभे राहावे लागणार नाही. हे उत्तर पुरे आहे असे आम्हांला वाटत नाही. एखाद्या वाचकाला याहून बरे उत्तर सुचले तर त्याने अवश्य कळवावे.

आता आमच्या खिशाविषयी. त्या सभेत आमच्या सदऱ्याच्या खिशात चुना-तंबाखूची दोन तोंडांची डबी होती. अठरा वर्षांची सोबत. उपदेशापूर्वी आम्ही चूळ भरीत होतो आणि कोणाला कळत नाही असे समजत होतो. त्या तरुणाने आबांना विचारले, आम्हांला विचारले नाही, याचे कारण धूर दिसतो आणि गालातली गोळी दिसत नाही, एवढेच. मंदिराविषयीचे वचन आम्ही ज्या तोंडाने सांगितले त्याच तोंडाच्या डाव्या गालात एक पांढरा चट्टा पडला होता. तो आम्ही दाताचा म्हणत होतो.

दुसऱ्या सभेत आम्ही डबी काढून सर्वांपुढे खाटेवर ठेवली. ठराव मागे घेतला. त्याऐवजी असे ठरले की तिघांनी सोडायचे, आणि दर रविवारी उपासनेनंतर एकमेकांना खरे ते सांगायचे. कोणी कोणाला पदावरून काढायचे नाही. पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ ह्या फुकट क्रमांकावर त्या तरुणाने दूरध्वनी केला आणि तिघांसाठी विचारून घेतले. तलफ आली तर पाणी प्या, ती थोड्या वेळाने ओसरते, जेवणानंतरची वेळ सांभाळा, पहिले दोन आठवडे जड जातात, असे तेथील माणसाने सांगितले. ह्यात नवे काही नाही, पण सांगणारा कोणी असला की बरे वाटते. आमच्या गालाचा चट्टा आम्ही डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तंबाखू बंद करण्यास आणि दर तीन महिन्यांनी येऊन दाखवण्यास सांगितले आहे.

हिशेब खरा द्यायचा तर असा आहे. तरुणाने पहिल्या झटक्यात सोडली, दिवाळीत मित्रांबरोबर दोन ओढल्या आणि येऊन सांगितले. आबा दिवसाला पंचवीसवरून तीनवर आले आहेत आणि कानामागे काही ठेवीत नाहीत. आम्ही एकदा चार महिने राहिलो, एका दहनविधीहून परतताना एस.टी.त शेजाऱ्याने पुडी पुढे केली तेव्हा हात गेला. त्या रविवारी हे सांगताना आमची जीभ अडखळली. आबा उठून आमच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "पाळकसाहेब, आता पुन्हा पहिल्यापासून मोजा." आज एकोणतीस दिवस झाले आहेत.